न सुटलेला वर्ग

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
४ ऑगस्ट २०२५

सिंधू,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात म्हणून लिहिते. ते मनापासून आहेत असं समजू नकोस.

चार वर्षं तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. मी निवृत्त झाले तेव्हा नाही, यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, टाउनशिपचा क्वार्टर सोडून आम्ही इथे राहायला आलो तेव्हाही नाही. आणि परवा दुपारी फोनवर काय आलं, तर एक निळी ओळ. इंग्रजी अक्षरांची माळ आणि तिच्याखाली ५१:१०. ना ताई, ना कशी आहेस, ना तुझी सिंधू. आमचा दूधवाला दाराशी पिशव्या टाकून जातो, तोसुद्धा बेल वाजवतो.

मी ती ओळ उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. कशाची आहे ते मात्र कळलं, कारण तिच्याबरोबर माझा फोटोही आला. तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले, मागे आईच्या खोलीतला निळा पडदा. वर लिहिलेलं: आठवी ब, इंग्रजी, १९ एप्रिल २०२१. एकतीस वर्षं मी टाउनशिपच्या शाळेत शिकवलं, आणि जगासाठी माझा राहिलेला चेहरा हा.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. टाळेबंदीत आम्ही घरून शिकवत होतो. प्रत्येक वर्गाचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि हुकूम असा होता की शिक्षकांनी संध्याकाळी स्वतःचं रेकॉर्डिंग पाहायचं आणि आत्मपरीक्षणाचा फॉर्म भरायचा. 'आजचा वर्ग कसा झाला? विद्यार्थ्यांना बोलायची संधी दिली का? सुधारणेस वाव कुठे आहे?' मला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ज्या पोरींना मी विरामचिन्हं शिकवली, त्यांतलीच एक त्या फॉर्मच्या खाली तपासनीस म्हणून सही करत होती. मी दोनशे सहा फॉर्म भरले आणि एकही रेकॉर्डिंग पाहिलं नाही. 'उत्तम. होय. नाही.' दोनशे सहा वेळा तेच. कुणीही परत पाठवला नाही, यावरून तपासणी काय योग्यतेची होती ते समज.

आता शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून नव्या मुख्याध्यापकांना हुक्की आली. त्यांनी सगळे वर्ग यूट्यूबवर टाकले. मला विचारलं नाही. माझं घर, माझा पडदा, माझी आजारी आई झोपलेली खोली, सगळं रस्त्यावर. त्या खिडकीशीच नेटवर्क यायचं म्हणून मी आईच्या खाटेकडे पाठ करून शिकवत होते, हे तुला ठाऊक आहे.

आणि ५१:१० म्हणजे काय ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. माझा वर्ग चाळीस मिनिटांचा असायचा. पुढचं काही चुकून राहिलं असेल, त्यात मी आईवर खेकसलेली तुला सापडली असेल, आणि तू ते बोट लावून दाखवते आहेस. तेराव्याच्या दिवशी फोनवर तू मला विचारलं होतंस, "आईनं शेवटी माझं नाव काढलं होतं का?" मी सांगितलं, नाही. ती शेवटचे आठ-दहा दिवस भ्रमात होती, कुणाला ओळखत नव्हती, म्हणून मी फोन लावला नाही. तू म्हणालीस, "ताई, तू खोटं बोलतेस," आणि फोन ठेवलास. आजही माझं उत्तर तेच आहे. पाच महिने तिला उचलून बसवणारी मी होते. तू नागपुरात होतीस. तुझे विजयराव तापानं पडले होते, रस्ते बंद होते, मान्य. पण जो तिथे नव्हता त्यानं साक्ष काढू नये.

मी हे सगळे वर्ग काढून टाकायला लावणार आहे. तुझी ती ओळ मग कुठेही नेणार नाही.

थोरली म्हणून सही करते,
शशिकला नीळकंठ कुकडे


११ ऑगस्ट २०२५

सिंधू,

तुझं उत्तर आलेलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते आहे, कारण केलेली गोष्ट कळवणं ही एक रीत असते.

शुक्रवारी शाळेत गेले. संगणकाचे हेमंत सर अजून तिथेच आहेत, केस तेवढे गेलेत. मला पाहून उठून उभे राहिले. म्हटलं, "सर, मला असं प्रदर्शनात मांडलेलं आवडत नाही. हे सगळं काढा."

"मॅडम, काढता येतं. अर्ज द्या, पंचवीस तारखेला समितीची मीटिंग आहे. पण एक बोलू का? तुमचेच वर्ग सगळ्यात जास्त चालतात. मंडीदीपचा एक मुलगा लिहितो की पॅसिव्ह व्हॉइस त्याला पहिल्यांदा तुमच्यामुळे समजला. आणि मजा सांगतो, तुमचा एक एक वर्ग कुणीतरी पहिल्यापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पाहिलाय. विद्यार्थी असं करत नाहीत, मॅडम."

"मग कोण करतं?"

"शिक्षा झालेला माणूस," असं म्हणून ते स्वतःच हसले.

मी हसले नाही. विचारलं, काढल्यावर पुसलं जाईल ना? तर म्हणाले, "इथून जाईल. कुणी उतरवून घेतलं असेल तर त्याच्याकडे राहील. डिजिटल फूटप्रिंट, मॅडम. तुम्हीच तर आठवीला शिकवलं होतंत. त्याचंही रेकॉर्डिंग आहे." खरं आहे. पोरांनी इंटरनेटवर काय टाकावं नि काय नाही यावर एक तास घ्या असं वरून पत्र आलं होतं. मी ठणकावून सांगितलं होतं की तिथल्या पाऊलखुणा वाळूतल्या नसतात, ओल्या सिमेंटमधल्या असतात. वाक्य चांगलं होतं. ते आपल्यालाही लागू आहे हे तेव्हा सुचलं नव्हतं.

अर्जात वर्गांच्या तारखा लिहायच्या होत्या म्हणून हेमंत सरांनी यादी उघडली. एकोणीस एप्रिलवर बोट ठेवायला गेले आणि वीस एप्रिलचा वर्ग लागला. बंद करा म्हणेपर्यंत मी बोलायला लागलेही होते. पडद्यावरची मी. मग उठवेना.

सिंधू, तू कधी स्वतःला शिकवताना पाहिलं आहेस का? नसशीलच, तू बँकेतली. मी सांगते. आधी वाटतं, ही कोण म्हातारी. मग वाटतं, बरं बोलते की. उच्चार स्वच्छ, वाक्य पुरं करते. मग हळूहळू एक गोष्ट दिसायला लागते आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. ती विचारते, "एनी डाउट्स?" आणि लगेच पुढे जाते. मी घड्याळ लावून मोजलं. त्या एका वर्गात तिनं अकरा वेळा विचारलं. उत्तरासाठी सर्वांत जास्त थांबली ती दोन सेकंद. दोन सेकंदांत मुलगी माइक तरी कशी उघडणार?

पडद्याच्या कोपऱ्यात एका मुलीचं चौकोनी घर होतं. कॅमेरा बंद, नुसतं नाव: मंतशा खान. त्या नावाशेजारी एक पिवळा हात उगवला होता. बोलायचं असलं की मुलं तो हात वर करतात. सहाव्या मिनिटाला तो वर झाला आणि वर्ग संपेपर्यंत तसाच होता. मी एकदाही तिचं नाव घेतलं नाही. हेमंत सर म्हणाले, "चुकून दाबला गेला असेल, मॅडम." मीही म्हटलं, असेल. ही मुलं हात वर करतात आणि विसरून जातात.

अर्ज देऊन आले. सगळे दोनशे सहा वर्ग काढा, असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझं घर माझं आहे.

तुझे भाऊजी म्हणतात, "अगं, तिनं पाठवलंय ते एकदा बघून तर घे. मग काढ." त्यांना काय जातं. त्यांच्या कारखान्यातल्या आयुष्याचं कुणी रेकॉर्डिंग केलेलं नाही.

शशिकला


२० ऑगस्ट २०२५

सिंधू,

तुझं आंतर्देशीय आलं. ते समोर ठेवूनच लिहिते आहे. तू लिहितेस:

"ताई, आरोप करायला नव्हतं पाठवलं. मला आईचा आवाज हवा होता. माझ्याकडे तिचा एकही नाही, आपण कधी भरूनच ठेवला नाही. म्हणून तुझे सगळे वर्ग पाहिले. जवळजवळ प्रत्येक वर्गात ती मागे खोकते. एकदा 'अगं बाई' म्हणते, एकदा देवाचं काही पुटपुटते. तेवढ्यासाठी मी दोनशे सहा वर्ग इंग्रजी व्याकरण ऐकलं. एकोणीस तारखेला वर्ग बंदच झाला नाही. एकावन्नाव्या मिनिटापासून ऐक. त्रेचाळिसाव्या मिनिटाचंही मी ऐकलं आहे. ते तू सोडून दे, मीही सोडलं. दोन ओळी लिहून पाठवायला जमलं नाही, म्हणून नुसतंच पाठवलं."

ते सोडून दे. काय उदारपणा. मी आयुष्यात कुणाला ग्रेस मार्क दिले नाहीत आणि घेतलेही नाहीत. तुझ्याकडून घेईन असं तुला वाटलं कसं? म्हणून काल सकाळी चहाची कपबशीही न विसळता बसले आणि पहिल्या मिनिटापासून पाहिलं. त्रेचाळिसावं मिनिट सोडलं नाही. दोनदा पाहिलं. आता तू वाच, मी काय पाहिलं ते. तू पाहिलं आहेस तरी वाच. ते माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

आधी वर्ग बंद का झाला नाही ते. आपल्या शाळेतली सिस्टर अगाथा तुला आठवते. घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. हजेरीच्या क्रमानं एकेकीनं उभं राहून "मे आय लीव्ह, सिस्टर?" विचारायचं, ती "यू मे" म्हणेल तेव्हाच निघायचं, आणि शेवटची मुलगी दाराबाहेर गेल्याशिवाय सिस्टर स्वतः वर्ग सोडायची नाही. मी एकतीस वर्षं तेच केलं. ऑनलाइनमध्येही तेच. इतर बाई "बाय, चिल्ड्रन" म्हणून सगळ्यांना एका फटक्यात घालवायच्या. माझ्याकडे एकेक मुलगी विचारून जायची.

त्या दिवशी एक्केचाळिसावी, शेवटची, राहिली आणि कुकरची शिट्टी झाली. मी उठले. तिला "यू मे" म्हणायचं राहिलं. तिला परवानगी मिळाली नाही म्हणून ती गेली नाही. ती गेली नाही म्हणून वर्ग उघडा राहिला. दोन्ही नियम माझेच.

चाळिसाव्या मिनिटानंतर पडद्यावर नुसती माझी रिकामी खुर्ची आहे, आणि तिच्यामागे खाटेचं टोक, त्यावर आईची पावलं. हिरवे मोजे घातलेली.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला आई म्हणते, "शशी, वर्ग सुटला का गं?"

मी स्वयंपाकघरातून म्हणते, "हो."

"मग सिंधूला फोन लाव ना. आठ दिवस झाले."

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी? ती वाट बघत असेल."

आणि मी म्हणते, अगदी स्वच्छ उच्चारात, वाक्य पुरं करून: "आई, तिनंच सांगितलंय, सारखा फोन करू नका म्हणून. तिला वेळ नसतो."

त्यानंतर आई काही बोलत नाही. मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं काही बोलत नाही. मोजे तेवढे एकदा हलतात.

तू असं कधीच सांगितलं नव्हतंस. मी ते त्या क्षणी बनवलं, भाताचं पाणी काढता काढता. आणि ती भ्रमात नव्हती. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं. पत्रात लिहायला हे इतकं छोटं वाक्य आहे, आणि त्याला चार वर्षं लागली.

कारणही लिहिते. ती सबब नव्हे. तू फोनवरून म्हणायचीस, "ताई, कॅमेरा फिरव. आईची पाठ दाखव. चादर कधी बदललीस? ती जखम वाढली का?" दर दिवशी. दिवसा शाळा माझं रेकॉर्डिंग करायची, संध्याकाळी तू तपासणी करायचीस. मी आईला कुशीवर वळवून एका हातानं धरायची, दुसऱ्या हातात फोन, आणि तू तिकडून डोळे बारीक करून पाहायचीस. अकरा तारखेला म्हणालीस, "नीट दिसत नाही, जवळ ने." त्या दिवशी मी ठरवलं की आता बघू देणार नाही. तुझ्यावरचा राग होता. भोगला तिनं.

आता एकावन्न मिनिटं, दहा सेकंद. तू ते पाठ केलं असशील, तरी लिहिते. आई म्हणते, "सिंधू, आहेस का गं तिथे?" तिला वाटलं, त्याच खिडकीशी त्याच उजेडात तुझा चेहरा यायचा, म्हणजे लॅपटॉपच्या त्या डब्यात तू असशील.

डब्यातून बारीक आवाज येतो, "जी?"

"सिंधू?"

"नहीं दादी, मैं मंतशा. आठवीं ब."

"फोन चालू आहे ना?"

"जी, चालू है. मैडम ने अभी छुट्टी नहीं दी."

आई मग भोपाळला अकरा वर्षं राहून शिकलेल्या तिच्या हिंदीत म्हणते, "तो सिंधू को बता देना. मेरी छोटी लड़की है."

"क्या बता दूँ?"

"बोलना, मैं जेवली."

"जेवली मतलब?"

"खाना खाया. शशी ने खिचड़ी एकदम मऊ की थी."

"मऊ क्या होता है, दादी?"

"अरे मऊ. जिसको दाँत नहीं लगते." यावर ती पोर खुदकन हसते आणि आईही हसते. आई हसल्याचं मला आठवतच नव्हतं, सिंधू. त्या पाच महिन्यांतलं काहीच हसण्यासारखं मला आठवत नाही. "और बोलना, पीठ ठीक है. शशी दोनों टाइम पावडर लगाती है. उसको बोलना, शशी से पीठ दिखाने को मत बोल. उसको बुरा लगता है."

"जी, बता दूँगी."

"कब?"

"कल. मैडम की क्लास में."

मग माझी पावलं वाजतात. "कुणाशी बोलतेस, आई?" "सिंधूशी." "आई, फोन माझ्या हातात आहे. झोप आता." आणि त्रेपन्नाव्या मिनिटाला माझा हात येतो नि लॅपटॉपचं झाकण बंद होतं. मी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीशी बोलते आहे, म्हणजे भ्रम झाला, असं मी ठरवलं. दुसऱ्यांना सांगता येईल असं काहीतरी मला मिळालं.

त्या दिवशीचा फॉर्म माझ्या फायलीत आहे. उत्तम. होय. नाही.

तू आधीच लिहिलं असतंस, "त्यात आई आहे," तर मी पहिल्या दिवशीच पाहिलं असतं. नुसते आकडे काय पाठवतेस? हे तुझं चुकलंच. तेवढं एक तरी तुझं चुकलं आहे, ते मी सोडणार नाही.

शशिकला


२३ ऑगस्ट २०२५

सिंधू,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते आहे, कारण पंचवीस तारीख सोमवारी आहे आणि काय केलं ते तुला आधी कळायला हवं.

काल शाळेत गेले. हेमंत सरांना म्हटलं, एकोणीस एप्रिलचा वर्ग पुसू नका. त्यांनी तो पाहिला होता. अर्ज तपासताना सगळे पाहावे लागतात, म्हणाले. खाली मान घालून त्यांनी माझी सोय केली: "मॅडम, मी कापून देतो ना. एकावन्नपासून त्रेपन्नपर्यंतचं तेवढं ठेवू. तुमच्या बहिणीला तेवढंच द्या. बाकीचं कुणाला काय करायचंय."

खोटं कशाला बोलू, मी लगेच नाही म्हटलं नाही. त्यांच्या टेबलावरची काच पाहत बसले. दोन मिनिटांत माझी आई राहिली असती आणि मी गेले असते. त्या दोन मिनिटांत तर मी चांगलीच आहे. मऊ खिचडी करणारी, पावडर लावणारी. आईचं प्रशस्तिपत्र.

मग मला आईचे ते हिरवे मोजे आठवले, सात मिनिटं गप्प पडलेले. ते कापायचा अधिकार मला कुणी दिला?

म्हटलं, "कापू नका. सगळं द्या."

ते यूट्यूबवर मात्र राहणार नाही. त्यावरचा माझा संताप तसाच आहे. मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं की शाळेचा सुवर्णमहोत्सव माझ्या आईच्या खाटेवर साजरा करायचा नाही. ते म्हणाले, "मॅडम, आम्हाला कल्पना नव्हती." मी म्हटलं, "दोनशे सहा तपासलेल्या फॉर्मवर शाळेचा शिक्का आहे आणि तुम्हाला कल्पना नव्हती?" बाकीचे वर्ग राहू द्या म्हटलं. मंडीदीपच्या त्या मुलाला पॅसिव्ह व्हॉइस लागतो. एकोणीस तारखेचा पूर्ण त्रेपन्न मिनिटांचा हेमंत सरांनी पेनड्राइव्हवर घालून दिला. तो या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टानं येतो आहे. मंतशाला विचारून घेतलं, कारण त्यात तिचाही आवाज आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं.

हो, मंतशा. ती याच शाळेत आहे, आता बारावीला. हेमंत सरांनी तिला वर्गातून बोलावलं. उंच झाली आहे, चष्मा लागलाय. मी तिला पूर्वी फक्त हजेरीतला एक्केचाळीस नंबर म्हणून ओळखत होते. आठवीत वर्षभर तिचा कॅमेरा बंद होता, कारण घरात एकच फोन आणि एकाच खोलीत पाच माणसं.

मी म्हटलं, "बेटा, तुला आठवतं का, माझ्या वर्गात एकदा एक दादी बोलली होती?"

ती म्हणाली, "मैडम, मैं तो कब से सोच रही हूँ आप पूछेंगी."

"तू मला सांगणार होतीस ना?"

"जी. मैंने दूसरे दिन हाथ उठाया था. पूरी क्लास उठाया था. उसके अगले दिन भी. फिर आप छुट्टी पर चली गईं, और किसी ने बताया कि मैडम की मम्मी नहीं रहीं. फिर मुझे लगा, अब किसको बताऊँ."

वीस आणि एकवीस. आई बावीसला गेली. दोन दिवस ती पोर हात वर करून बसली होती. आईचा निरोप त्या हातात होता, आणि मी अकरा वेळा विचारत होते, एनी डाउट्स. तिचं नाव एकदा घेतलं असतं तर वर्गासमोर तिनं सांगितलं असतं की दादी सिंधूला निरोप देते आहे. आणि मला लाजेनं का होईना, फोन लावावाच लागला असता. आईशी तुझं बोलणं झालं असतं. दोन दिवस होते, सिंधू. आणखी दोन सेकंद थांबले असते तर.

मी तिच्यासमोर रडले नाही. तुला ठाऊक आहे, मी शाळेत रडत नाही. ती उभीच होती. मला वाटलं, संकोचानं. मग कळलं, ती मी "जा" म्हणायची वाट पाहते आहे. अजूनही.

मी म्हटलं, "यू मे लीव्ह, मंतशा." आणि ती दाराबाहेर जाईपर्यंत थांबले.

घरी येऊन एकोणीस एप्रिलचा फॉर्म नवा भरला. शाळेला नको आहे, त्यांची फाइल बंद झाली. तुला पाठवते आहे, तुझ्यासारखा दुसरा तपासनीस नाही. आजचा वर्ग कसा झाला: संपला नाही. विद्यार्थ्यांना बोलायची संधी दिली का: नाही. सुधारणेस वाव, या रकान्यात एवढीशी जागा ठेवलेली असते, एका ओळीची. तिच्यात मावलं नाही. म्हणून हे पत्र.

क्षमा कर असं लिहिणार नाही. तू करशील, आणि मला ते सोपं होईल. पाकीट मिळालं की फोन कर. मी करणार नाही, कारण मी केला की मीच बोलत राहीन. तू कर, आणि तुला आईला काय सांगायचं होतं ते मला सांग. आठ दिवसांत साठलेलं सगळं. मी मध्ये बोलणार नाही.

जमेल तितकं.

तुझी,
ताई